शॉनच्या वाटची बिअर

कॅनडातल्या किचनेर स्टेशनवर उतरल्यापासून कास्मिर तुस्कानो मनात एकच वाक्य घोकत चालला होता. माझ्या मुलाला इथे बिअर देऊ नका, प्लीज. इंग्रजीत ते आणखी छोटं होतं, पण एकोणसत्तराव्या वर्षी परक्याच्या दारात जाऊन असलं वाक्य म्हणायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटणारच. मार्च संपत आला होता. फुटपाथच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग उरले होते आणि वितळलेल्या पाण्याने त्याचे बूट आतपर्यंत भिजले होते. बायकोने, नोराने, दिलेली पिशवी त्याने छातीशी धरली होती. तिच्यात मुलाचं, शॉनचं, धुतलेलं जॅकेट होतं. मुलगा बापाबरोबर परत येणारच असं धरून तिने ते दिलं होतं. आयांचं असंच असतं. घराला आग लागली तरी त्या आधी डबा भरतात.

गोष्ट अशी होती. शॉन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, वय चौतीस, आणि दारूने त्याचं लिव्हर खाल्लं होतं. नाताळानंतर त्याला रक्ताची उलटी झाली. तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कास्मिर आणि नोराला समोर बसवून सांगितलं की पिणं थांबलं नाही तर पुढचा हिवाळा तो बघणार नाही. दारू सोडवणाऱ्या एका केंद्रात त्याचं नाव घातलं होतं. तिथली वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी, संपता संपत नव्हती. आणि आज सकाळी फोन आला. एक बेड रिकामा झालाय, उद्या सकाळी आठ वाजता पेशंटला घेऊन या, नाही आलात तर बेड पुढच्याला जाईल. शॉनचा फोन बंद. किचनेरमध्ये तो ज्या घरात खोली घेऊन राहायचा तिथल्या मालकिणीला विचारलं, तर ती म्हणाली, दुपारचा तो कुठे असतो ते सगळ्या स्ट्रीटला माहीत आहे, जर्मनांकडे.

कास्मिरलाही माहीत होतं. जर्मनांकडे त्याला पहिल्यांदा नेलं होतं ते बापानेच. हल्ली कास्मिर ते सहसा आठवायचा नाही.

कास्मिर मूळचा वसईतल्या नंदाखालचा. बापाची केळीची वाडी होती, पण चार भावांत ती वाटली तर एकेकाच्या वाट्याला नावापुरतीच येणार होती. म्हणून तो आधी बहारीनला गेला आणि मग बायकोला नि नऊ वर्षांच्या शॉनला घेऊन कॅनडात आला. मिसिसागात, माल्टनला त्याने घर केलं, एअरपोर्टच्या इतक्या जवळ की विमान उतरताना कपाटातल्या कपबश्या वाजतात. वीस वर्षं कार्गोच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवली. नोरा विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायची. एकाची शिफ्ट संपली की दुसऱ्याची सुरू, त्यामुळे नवरा-बायकोची भेट बहुतेक ड्राइव्हवेमध्येच व्हायची. शॉन शाळेतून आला की स्वतःच्या हाताने कुलूप उघडून फ्रिजमधलं जेवायचा. तरी पोरगा गुणी निघाला. अभ्यासात बरा, चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवणारा, मोठ्यांचं ऐकणारा. फार ऐकणारा, असं नोरा आता म्हणते.

कास्मिर माणूस वाईट नव्हता, जरा मानी होता. मानी म्हणजे काय, तर कोण आपल्याला कमी लेखतंय यावर डोळा ठेवून बसलेला. परक्या देशात पुष्कळांना हे दुखणं जडतं, कास्मिरला जरा जास्तच जडलं होतं. बँकेतली बाई हसली नाही की हा दोन दिवस धुमसायचा. "तिचा दात दुखत असेल रे," नोरा म्हणायची. कास्मिरला ते पटायचं नाही. त्याच्या मते साऱ्या कॅनडाचे दात फक्त त्यालाच बघून दुखत.

लाउटेनबाखांची ब्रुअरी विटांच्या एका जुन्या दुमजली घरात होती. वर कुटुंब राहायचं, खाली मागच्या बाजूला बिअर बनायची आणि पुढच्या मोठ्या खोलीत लोक ती प्यायचे. म्हाताऱ्या लाउटेनबाखने जर्मनीतल्या कोलोनहून येऊन ती काढली होती. तो वारला. आता त्याची बायको इंगे गल्ल्यावर असायची. मुलगा मार्कुस बिअर बनवायचाही आणि निळं एप्रन बांधून वाढायचाही. काचेच्या भिंतीमागे तांब्याची मोठी भांडी दिसायची आणि उकडलेल्या धान्याचा गोडसर वास खोलीभर असायचा, चुलीवर पेज रटरटत असल्यासारखा. पंधरा वर्षांनी पाऊल टाकलं तरी कास्मिरला तो वास लगेच ओळखू आला. शॉन मात्र कुठे दिसत नव्हता.

खिडकीजवळ एक गोल टेबल होतं. तिथे तीन-चार म्हातारे पत्ते खेळत बसले होते आणि एक खुर्ची रिकामी होती. कास्मिर तिकडे निघाला तसा मार्कुसने त्याला हळूच अडवलं. ते टेबल रोज येणाऱ्यांचं आहे, ती खुर्ची एकाची राखलेली आहे, तो येईलच आता, असं म्हणून त्याने कास्मिरला भिंतीकडच्या छोट्या टेबलावर बसवलं. कुणाची राखलेली, ते विचारायची गरज नव्हती. खुर्चीच्या पाठीवर शॉनचा निळा मफलर होता, नोराने विणलेला. पंचवीस वर्षं या देशात घालवून आपल्या पोराने एक हक्काची जागा मिळवली ती ही, असं कास्मिरच्या मनात आलं.

न मागताच त्याच्यापुढे बिअरचा एक उंच, बारीक ग्लास आला. जानेवारीत शॉन हॉस्पिटलात होता तेव्हा कास्मिरने मदर मेरीसमोर गुडघे टेकून बिअर, वाइन, सगळं सोडलं होतं. त्याने ग्लास लांब सरकवला आणि ग्लासाखालची पुठ्ठ्याची गोल चकती उचलून ग्लासाच्या तोंडावर ठेवली. विचार करून नव्हे, हाताची सवय. नंदाखालला ताडीचा ग्लास उघडा ठेवला तर दोन मिनिटांत माशा पोहायला लागतात, म्हणून लहान-थोर सगळे ग्लासावर बशी नाहीतर चकती ठेवतात. इथे मार्चच्या थंडीत औषधालाही माशी नव्हती. पण हाताला कोण सांगणार?

मार्कुस ट्रे घेऊन फिरत होता. कुणाचा ग्लास रिकामा झाला की विचारायचं नाही, उचलायचा आणि भरलेला ठेवायचा. कास्मिरच्या टेबलाजवळ तो आला, ग्लासाकडे पाहिलं आणि पुढे गेला. पुन्हा आला, पुन्हा पुढे गेला. पिण्याची इच्छा नव्हती तरी कास्मिरच्या छातीत जुनं काहीतरी ठसठसलं. पंधरा वर्षं झाली, पण यांची खोड तीच, तो मनात म्हणाला.

पंधरा वर्षांपूर्वी शॉनला एकोणीस पूर्ण झाली होती. इथे, ऑन्टारिओ प्रांतात, एकोणीस पूर्ण झाली की कायद्याने पिता येतं. कास्मिरच्या बापाने त्याला असाच एके दिवशी शेजारी बसवून पहिला ग्लास हातात दिला होता आणि आता तू माणसांत आलास म्हणाला होता. तेच आपण करायचं, हे कास्मिरने कधीपासून ठरवलं होतं. शॉन तेव्हा किचनेरला कॉलेजात होता, ही ब्रुअरी त्याच्या हॉस्टेलपासून जवळ. बाप-लेक समोरासमोर बसले. कास्मिरने दोन घोट घेतले, सवयीने ग्लासावर चकती ठेवली आणि गप्पांना लागला. मार्कुस आला, शॉनचा रिकामा ग्लास बदलून गेला. कास्मिरने आपला ग्लास संपवला, चकती परत वर ठेवली आणि वाट बघत बसला. मार्कुस आला, शॉनला दिला, याच्याकडे नुसती मान हलवून निघून गेला. असं तीनदा-चारदा झालं. कास्मिरची कानशिलं तापली. पोराचे उच्चार कॅनेडियन म्हणून त्याला मान, आणि आपण काळे, वसईच्या इंग्रजीचे, म्हणून आपल्याला वाळीत टाकलं!

"पप्पा, आय थिंक आय ॲम डन," शॉन म्हणाला होता. पहिलीच वेळ, चेहरा पांढरा पडला होता.

"डन काय? मला देत नाहीत, बघतोयस ना तू? तुला देतायत तर घे. माझ्या वाटची पण तू पी. दाखव त्यांना."

शॉनने ऐकलं. मोठ्यांचं ऐकणारा मुलगा तो. भरलेला ग्लास परत पाठवायचा नाही, हे त्याला घरीच शिकवलेलं होतं. बाहेर पडल्यावर तो पार्किंग लॉटमध्ये ओकला, बापाने पाठ थोपटली आणि अभिमानाने हसला. पुढे कितीतरी वर्षं माल्टनच्या पार्ट्यांत कास्मिर हा किस्सा रंगवून सांगायचा. गोऱ्यांनी मला एका ग्लासावर उठवलं, पण माझ्या पोराने दोघांच्या वाटची पिऊन दाखवली! लोक हसायचे. शॉनही हसायचा. मग शॉनला नोकरी लागली, शेरिल नावाची चांगली मैत्रीण मिळाली, नोकरी गेली, शेरिलही गेली. राहिली ती ही ब्रुअरी. चर्चमधल्या मराठी मिसच्या, प्रार्थनेच्या, दिवशी कुणी विचारलं तर कास्मिर सांगायचा, शॉन किचनेरला असतो, आयटीत, वर्क फ्रॉम होम.

"तुम्ही शॉनचे वडील ना?"

इंगे समोर उभी होती. सत्तरीची, जाडजूड, हातात फडकं. कपाळावरून ओळखलं म्हणाली, आणि त्याच्यासमोर बसली. कास्मिरचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं आणि जे पंधरा वर्षं तुंबलं होतं ते बाहेर पडलं. तुमच्याकडे आमच्यासारख्यांना दुसरा ग्लास देत नाहीत, असं तो तिला इंग्रजीत म्हणाला. तेव्हाही नाही दिला, आजही नाही.

इंगेने त्याच्या ग्लासाकडे पाहिलं. "पण तुम्ही झाकलाय की," ती म्हणाली.

"मग?"

"आमच्या कोलोनची ही पद्धत. आम्ही विचारत नाही, आणतच राहतो. पाहुण्याला पुरे झालं की तो चकती ग्लासावर ठेवतो. मग त्याला आग्रह करायचा नाही, तो अपमान होतो. तुम्ही पुरे म्हणालात, म्हणून मार्कुसने नाही दिली." तिला हसू आलं. "तुम्हाला काय वाटलं?"

"माशा," कास्मिर पुटपुटला. "आम्ही माशांसाठी झाकतो."

"इथे कुठल्या माशा?" इंगे मोठ्याने हसली. मग त्याचं तोंड बघून ती हसायची थांबली. त्याला काय झालं ते तिला कळणं शक्य नव्हतं. कास्मिरला मात्र सगळं एकदम कळलं होतं. त्या दिवशी कुणी त्याचा पाणउतारा केला नव्हता. त्याने स्वतः पुरे म्हटलं होतं आणि त्या लोकांनी ते मानलं होतं. पुरे कसं म्हणायचं ते ज्याला सांगायला हवं होतं तो समोर बसून, पांढरा पडून, डन म्हणत होता, आणि बापाने त्याला पी म्हणून सांगितलं. आपल्या हातांनी आपण पोर बुडवलं, असं त्याला वाटलं. नोरा असती तर म्हणाली असती, एका बिअरने कुणी बुडत नाही रे. पण नोरा तिथे नव्हती, आणि असती तरी त्याला ते पटलं नसतं.

मग त्याने ते घोकलेलं वाक्य म्हटलं. "प्लीज, माझ्या मुलाला इथे बिअर देऊ नका."

इंगेने फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. "गेल्या वर्षी मी तेच केलं होतं," ती म्हणाली. "त्याला म्हटलं, शॉन, तुला नाही मिळणार. तो चिडला नाही, थँक यू म्हणून गेला. लिकर स्टोअरमधून व्होडका घेतली आणि बसस्टॉपवर झोपला. बर्फ पडत होता. सापडला तेव्हा बोटं निळी झाली होती. तेव्हापासून मी देते. पण आधी सूप. सूप संपल्याशिवाय मार्कुस ग्लास ठेवत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही, मिस्टर तुस्कानो. तुम्हाला सुचत असेल तर सांगा."

परकी बाई आपल्या पोराला रोज सूप पाजते आणि आपण तिच्याशी भांडायला आलो, याची कास्मिरला लाज वाटली. आणि ती लाजसुद्धा निरुपयोगी होती, कारण उद्याचे आठ काही त्याने लांबत नव्हते.

तेवढ्यात शॉन आला. पातळ हूडी, दाढी वाढलेली, हातपाय काड्या आणि पोट मात्र पुढे आलेलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. गोल टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला बघून टेबल ठोकलं. त्यांची नमस्काराची तीच रीत होती. मग त्याला बाप दिसला.

"पप्पा? व्हॉट आर यू डुइंग हिअर? इज मम्मी ओके?"

"मम्मी बरी आहे. बस. शॉन, बेड मिळाला. सेंटरवरून सकाळी कॉल आला. उद्या आठ वाजता रिपोर्ट करायचंय. आत्ताची गाडी घेऊ, रात्री घरी झोप, सकाळी मी तुला नेतो. मम्मीने जॅकेट पण दिलंय."

इंगे उठली आणि शॉन समोर बसला. मार्कुसने सूपचा वाडगा आणून ठेवला. शॉनने चमचा उचलला, तो वाडग्याच्या काठावर खडखड वाजला म्हणून खाली ठेवला आणि वाडगाच दोन्ही हातांनी तोंडाला लावला. "टुमॉरो?" तो म्हणाला. "पप्पा, आय कान्ट डू टुमॉरो. मंडे. मंडेला नक्की. आय प्रॉमिस."

"मंडेला बेड नसणार. ते थांबत नाहीत कुणासाठी."

"देन दे विल हॅव अनदर वन."

"कधी? तू असशील तेव्हा?" कास्मिरचा आवाज चढला. गोल टेबलावरचे पत्ते थांबले. शॉनने मान खाली घातली. तो रडत नव्हता, भांडत नव्हता. बापाचं अगदी बरोबर आहे हे त्याला मान्य होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. सगळ्यात वाईट ते होतं.

वाडगा रिकामा झालेला बघून मार्कुसने ग्लास आणून ठेवला. शॉनचा हात पुढे गेला. कास्मिरने आधी झडप घातली आणि ग्लास उचलून घटाघटा पिऊन टाकला. तीन महिन्यांचा नवस असा एका दमात गेला.

"पप्पा! यू क्विट!"

"हो, क्विट केलं होतं."

मार्कुस आला. इथली पद्धत ती पद्धत, रिकामा ग्लास गेला आणि भरलेला आला. तोही कास्मिरने प्यायला. मग तिसरा. गोल टेबलावरच्यांना वाटलं, बाप-लेकांची मजा चालली आहे, त्यांनी टेबल ठोकून दाद दिली. शॉनही पहिल्यांदा हसला. पुढे कास्मिरने मोजले नाहीत. शुगरची गोळी घेतलेली, सकाळपासून पोटात दोन बिस्किटं, त्याला गरगरायला लागलं. पण मुलाच्या वाटची सगळी आपण प्यायली तर मुलाला उरणार नाही, हा हिशेब त्याच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की तो थांबेना. एका म्हाताऱ्याने बसून अख्खी ब्रुअरी संपवायला घेतली होती. काचेमागची तांब्याची भांडी रटरटत होती.

"शॉन, ऐक," तो म्हणाला, जीभ जड झाली होती. "त्या दिवशी त्यांनी मला कमी लेखलं नव्हतं रे. मी झाकण ठेवलं होतं. झाकण म्हणजे पुरे. मला माहीतच नव्हतं."

"आय नो, पप्पा."

"तुला काय माहीत?"

"मार्कुसने सांगितलं होतं. फर्स्ट इयरमध्येच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

शॉनने खांदे उडवले. "यू लव्ह्ड दॅट स्टोरी," तो म्हणाला. "तू सगळ्यांना सांगायचास. आय वॉज द हिरो इन इट."

कास्मिरने परत ग्लासाकडे हात नेला. पण शॉनने चकती उचलली. ती एकदा पडली. त्याने दुसऱ्यांदा उचलून बापाच्या ग्लासावर ठेवली आणि वरून आपला तळवा दाबून धरला. "दॅट्स इनफ, पप्पा. प्लीज. तुला शुगर आहे."

येणारा मार्कुस तिथूनच मागे वळला.

"तुझ्यावर पण ठेव," कास्मिर म्हणाला.

शॉनच्या पुढे ग्लासच नव्हता. तो उठला आणि पिशवीतलं जॅकेट काढून त्याने अंगात घातलं. खांद्यात ते सैल झालं होतं आणि पोटावर चेन लागत नव्हती. "ओके," तो म्हणाला. "चल. लेट्स गो होम."

कास्मिरला आधी खरंच वाटेना. इंगेने दारापर्यंत येऊन पावाची पुडी शॉनच्या हातात कोंबली आणि काहीतरी जर्मनमध्ये म्हणाली. रस्त्याने शॉनने बापाला काखेत धरून चालवलं. बर्फाच्या पाण्यातून जपून नेलं, सिग्नलला थांबवलं. लहानपणी त्याला असाच धरून कास्मिरने पहिल्या बर्फात चालायला शिकवलं होतं. बाप झिंगलेला आणि लेक शुद्धीवर, लोक काय म्हणतील, असा विचार येऊन कास्मिरला चक्क हसू आलं. कितीतरी दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याने नोराला फोन लावून ओरडून सांगितलं, "येतोय! दोघं येतोय!"

प्लॅटफॉर्मवर शॉनने बापाच्या खिशातून त्याचं प्रवासाचं कार्ड काढलं, तिकिटाच्या मशीनवर टॅप करून परत खिशात ठेवलं. गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची सीट बघून त्याने बापाला बसवलं, पावाची पुडी मांडीवर दिली. शॉनच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ सुकले होते. बसता बसता त्याने आपले खिसे चाचपले.

"पप्पा, आय डिडन्ट टॅप."

कायद्याच्या बाबतीत कास्मिर फार काटेकोर. परक्या देशात कुणी बोट दाखवता कामा नये. पंचवीस वर्षांत त्याला एकदाही पार्किंगचं तिकीट लागलं नव्हतं.

"मग जा, टॅप करून ये," तो म्हणाला. "उगाच फाइन नको. पळ."

शॉनने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि उतरला. घंटी वाजली, दारं लागली. गाडी हलली तेव्हा कास्मिरला तो खिडकीतून दिसला. मशीनसमोर उभा होता, जॅकेटच्या खिशात दोन्ही हात घालून, गाडीकडे पाठ करून. त्याने कार्ड काढलेलं नव्हतं. कास्मिरने काचेवर मुठी मारल्या. समोरच्या बाईने आपलं पोर जवळ ओढून घेतलं. मग प्लॅटफॉर्म संपला.

अर्ध्या तासाने फोन वाजला. नोरा होती.

"बसलात ना नीट दोघं?"

"बसलो."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"नेटवर्क नाही इथे."

"बरं, मी बांगडे काढलेत फ्रीजरमधून. तळू का कालवण करू, त्याला विचार. नाहीतर त्यालाच दे फोन."

कास्मिरने शेजारच्या सीटकडे पाहिलं.

"तो टॅप करायला गेलाय," तो म्हणाला.

गाडी तेव्हा पुढचं ग्वेल्फ स्टेशनही सोडून निघाली होती.